विंडोजचा ड्राइव्ह लिनक्सला जोडताना: कुलूप फाइलवर नसतं, दारावर असतं

१४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १०चे नेहमीचे अपडेट बंद झाले. माझ्या मावसभावाचा लॅपटॉप विंडोज ११च्या अटींत बसत नव्हता, म्हणून त्यावर लिनक्स टाकून दिलं. आतली लहान एसएसडी पुसली. दुसरी एक टेराबाइटची डिस्क मात्र तशीच ठेवली, कारण तिच्यात त्याच्या आठ लग्नसराईंचे फोटो होते. दोनच दिवसांत फोन आला, "दादा, फोटो दिसतायत, पण एकही सेव्ह होत नाही. सगळ्या फोल्डरवर कुलपाचं चित्र आलंय."

तोवर त्याने इंटरनेटवर वाचून 'सीएचमॉड ७७७' ही फाइल सगळ्यांना खुली करणारी कमांड तीन-चार वेळा मारून पाहिली होती. फरक शून्य. पडणारही नव्हता, आणि का ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

लिनक्सच्या स्वतःच्या एक्स्ट४ फाइल सिस्टिममध्ये (म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीत) प्रत्येक फाइलसोबत तिचा मालक, गट आणि परवानग्या डिस्कवरच लिहिलेल्या असतात. विंडोजच्या एनटीएफएसमध्येही परवानग्या असतात, पण त्या विंडोजच्या भाषेत, विंडोजच्या खात्यांच्या नावे. तिथला मालक लिनक्सला ओळखता येत नाही. पेन ड्राइव्हवर दिसणाऱ्या एक्सफॅट आणि फॅट३२ या पद्धतींत तर मालक ही कल्पनाच नाही. मग लिनक्स एक सोपी युक्ती करतो. ड्राइव्ह जोडताना तुम्ही सांगाल तो मालक आणि सांगाल त्या परवानग्या तो सगळ्या फाइलींना सरसकट लावतो. फाइलला सहसा काही चिकटत नाही, ठरतं ते दारावर. म्हणून आत शिरून एकेका फाइलवर सीएचमॉड मारण्यात अर्थ नाही. बाहेर येऊन, ड्राइव्ह काढून, योग्य पर्यायांसह पुन्हा जोडायचा.

एक सूचना आधीच देतो. कमांड इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या. जिथे गफलत होऊ शकते तिथे स्पेलिंग फोडून सांगितलं आहे.

ज्यांना यातलं काहीच करावं लागणार नाही

पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची यूएसबी डिस्क लावली, फाइल मॅनेजरमध्ये तिच्या नावावर क्लिक केलं आणि काम झालं, असं असेल तर इथेच थांबा. डेस्कटॉप ती डिस्क तुमच्याच नावाने जोडतो. उबुंटूत ती /मीडिया खाली, फेडोरात /रन/मीडिया खाली तुमच्या नावाच्या फोल्डरात दिसते. पुढच्या पायऱ्या आहेत त्या लॅपटॉपच्या आतल्या कायमच्या डिस्कसाठी, दोन सिस्टिम असलेल्या मशीनवरच्या विंडोजच्या पार्टिशनसाठी (डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागासाठी), किंवा घरातल्या चौघांनी वापरायच्या एका ड्राइव्हसाठी.

आधी विंडोज खरंच बंद करा

ही पायरी लोक गाळतात, आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तुम्ही 'शट डाउन' दाबता, पण विंडोज पूर्ण झोपत नाही. आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतो आणि सकाळी तिथूनच उठतो. त्याच्या आठवणीतला डिस्कचा नकाशा कालचाच असतो. मध्ये रात्री लिनक्समधून त्या डिस्कवर काही लिहिलंत, तर सकाळी विंडोज जुन्या नकाशावर भरवसा ठेवून त्यावर गिरवतो.

हे मी स्वतः भोगलं आहे. इशारा येत असतानाही एकदा जबरदस्तीने लिहिण्याच्या परवानगीसह ड्राइव्ह उघडला आणि चार फोल्डर त्यात टाकले. दुसऱ्या दिवशी विंडोजने सुरू होताना डिस्क तपासली, आणि माझ्या चार फोल्डरांच्या जागी 'फाउंड.०००' नावाचं एक फोल्डर उरलं. आत नावं हरवलेल्या, सीएचके शेपटीच्या फाइली. कुठली कशाची, देव जाणे.

उपाय दोन. कायमचा हवा असेल तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' ही कमांड द्या. हायबरनेशन बंद होतं, त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही. एकदाच हवा असेल तर शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' करा. 'रीस्टार्ट'ही पूर्ण बंद करूनच चालू होतो, त्यामुळे रीस्टार्ट करून थेट लिनक्समध्ये शिरलात तरी चालतं.

आणि विंडोज पुसून टाकणार असाल तर पुसण्यापूर्वी हे कराच. मावसभावाच्या बाबतीत मी विसरलो होतो. विंडोज गेला, पण दुसऱ्या डिस्कवर 'काम अर्धवट आहे' ही खूण राहून गेली, आणि ती पुसणारा आता मशीनवर कोणी नव्हता.

कोणता ड्राइव्ह, कोणता प्रकार

टर्मिनल उघडून 'एलएसबीएलके -एफ' द्या. पुढ्यात डिस्कांचा वृक्ष येतो. प्रत्येक पार्टिशनसमोर प्रकार, नाव आणि यूयूआयडी. यूयूआयडी म्हणजे त्या पार्टिशनचा न बदलणारा ओळख क्रमांक. त्याची लांबी बघूनच अंदाज येतो. एक्स्ट४चा क्रमांक लांबलचक, मध्ये चार आडव्या रेघा. एनटीएफएसचा सोळा अक्षरांचा, सलग. फॅट३२ आणि एक्सफॅटचा फक्त आठ अक्षरांचा, मध्ये एक रेघ.

'/डेव्ह/एसडीबी१' सारख्या नावांवर विसंबू नका. आज जी डिस्क 'एसडीबी' आहे ती उद्या दुसरा पेन ड्राइव्ह लावून चालू केल्यावर 'एसडीसी' होऊ शकते. हाताने एकदा जोडायला हे नाव चालेल, कायमच्या नोंदीत यूयूआयडीच.

प्रकाराच्या रकान्यात 'बिटलॉकर' दिसलं तर डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे. अलीकडचे बरेच लॅपटॉप तसेच येतात, आणि मालकाला पत्ताही नसतो. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती असेल तर डेस्कटॉपच्या फाइल मॅनेजरमधून उघडून बघा. 'क्रिप्टसेटअप' या साधनालाही २०२० च्या २.३ आवृत्तीपासून बिटलॉकर समजतो. की नसेल तर इथे रस्ता संपला, आधी ती शोधा.

त्यानंतर 'आयडी' एवढीच कमांड द्या. पहिल्याच ओळीत तुमचा यूआयडी (खात्याचा क्रमांक) आणि जीआयडी (गटाचा क्रमांक) मिळेल. उबुंटू, फेडोरा, मिंट या सगळ्यांत इन्स्टॉल करताना तयार झालेल्या पहिल्या खात्याला १००० मिळतो. तरी बघूनच घ्या.

एनटीएफएसचे दोन ड्रायव्हर

इथे थोडं थांबायला हवं, कारण नावांत घोळ आहे. जुना, मुरलेला ड्रायव्हर म्हणजे 'एनटीएफएस-३जी'. तो २००७ मध्ये स्थिर झाला, कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेर चालतो, म्हणून थोडा संथ. दुसरा 'एनटीएफएस३', मध्ये रेघ नाही आणि शेवटी जी नाही. तो पॅरागॉन कंपनीने लिहिला आणि २०२१ मध्ये ५.१५ कर्नेलमध्ये आला. तो वेगवान आहे, शेकडो गिगाबाइटचे व्हिडिओ हलवताना फरक जाणवतो.

दोघांची वागणूकही वेगळी. काही पर्याय न देता सुडोने, म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने, ड्राइव्ह जोडलात तर एनटीएफएस-३जी सगळ्यांना सगळंच उघडं करतो, मालक रूट (सिस्टिमचा मुख्य अॅडमिन) आणि परवानगी ७७७. टर्मिनलमध्ये 'एलएस' केलं की उबुंटूत फोल्डरांची नावं हिरव्या पट्ट्यावर निळ्या अक्षरांत दिसतात. अनेकांना तो रंग सजावट वाटतो. खरं तर ती खूण आहे, 'इथे कोणीही लिहू शकतो' अशी. एनटीएफएस३ उलट वागतो. मालक रूट ठेवतो आणि बाकीच्यांना फक्त वाचू देतो. 'दिसतं, पण सेव्ह होत नाही' याचं एक कारण हेच.

माझं मत विचाराल तर ज्या डिस्कची दुसरी प्रत नाही तिच्यासाठी एनटीएफएस-३जी. वेग हवा असेल आणि बॅकअप असेल तर एनटीएफएस३.

पहिल्यांदा फक्त वाचायला जोडा

जोडायची जागा तयार करा: 'सुडो एमकेडीआयआर -पी /एमएनटी/फोटो'. 'फोटो'च्या जागी रोमन लिपीतलं, स्पेस नसलेलं नाव द्या. मराठी नाव चालतं, मी करून पाहिलं आहे. पण एखाद्या दिवशी मशीन अडलं, काळा पडदा आला आणि मराठी कीबोर्ड नसला, तर आपल्याच फोल्डरात जाता येत नाही.

मग: 'सुडो माउंट -टी एनटीएफएस-३जी -ओ आरओ /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी/फोटो'. 'आरओ' म्हणजे फक्त वाचणं. दोन-चार फाइली उघडून बघा. मराठी नावं नीट दिसतात का तेही बघा. एनटीएफएस नावं युनिकोडमध्येच साठवतो, तिथे सहसा अडचण येत नाही. जुन्या फॅट३२ पेन ड्राइव्हवर मात्र 'साखरपुडा' ऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर घाबरू नका. फाइल बिघडलेली नाही, फक्त 'आयओचारसेट=यूटीएफ८' हा पर्याय राहिला आहे.

मास्कचं गणित

परवानगीचे तीन अंक असतात: मालक, गट, इतर. वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १. तिन्ही मिळून ७. मास्क म्हणजे देण्याचा नाही तर काढून घेण्याचा अंक. ७७७ मधून मास्क वजा करा, उरेल ती परवानगी. ०२२ मास्क दिला तर उरले ७५५. म्हणजे मालकाला सगळं, बाकीच्यांना वाचणं आणि चालवणं.

आता खरी मेख. 'यूमास्क' हा पर्याय फाइल आणि फोल्डर दोघांनाही एकच मास्क लावतो. फोल्डरला 'चालवणं' ही परवानगी लागतेच, कारण फोल्डरच्या बाबतीत तिचा अर्थ 'आत शिरणं' असा होतो. पण त्याच मास्कमुळे प्रत्येक जेपीजी, प्रत्येक टेक्स्ट फाइलही 'चालवण्याजोगी' ठरते. मग साध्या नोंदींच्या फाइलवर डबल क्लिक केलं की काही फाइल मॅनेजर विचारतात, 'चालवू की दाखवू?' गिटमध्ये काम करत असाल तर एक अक्षरही न बदलता सगळ्या फाइली बदललेल्या दिसतात. इंटरनेटवरच्या निम्म्या उत्तरांत 'यूमास्क=०००' असतं, आणि ते चालतंही, म्हणूनच पसरलं आहे.

त्यापेक्षा दोन वेगळे मास्क द्या. फोल्डरला 'डीमास्क=०२२', म्हणजे ७५५. फाइलींना 'एफमास्क=१३३', म्हणजे ६४४. सातातून एक गेला सहा, सातातून तीन गेले चार, पुन्हा चार.

तर आता ड्राइव्ह आधी काढा: 'सुडो यूमाउंट /एमएनटी/फोटो'. स्पेलिंग यू-एम-ओ-यू-एन-टी, 'अन'मधला एन त्यात नाही. पहिल्या महिन्यात मी रोज चुकत होतो. 'टार्गेट इज बिझी' आलं तर एखादं टर्मिनल किंवा फोटो व्ह्यूअर त्या फोल्डरात बसलेला आहे. 'फ्यूझर -व्हीएम /एमएनटी/फोटो' कोण ते सांगेल. एनटीएफएस-३जी चालू ड्राइव्हचे पर्याय बदलू देत नाही, काढून पुन्हाच जोडावा लागतो.

पुन्हा जोडताना 'आरओ'च्या जागी हे द्या, मध्ये स्पेस न सोडता:

यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,डीमास्क=०२२,एफमास्क=१३३,विंडोज_नेम्स

शेवटचा पर्याय छोटा, पण मोलाचा. लिनक्सला फाइलच्या नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका सगळं चालतं. विंडोजला चालत नाही. 'हळद १०:३०' नावाचं फोल्डर तुम्ही लिनक्समध्ये आनंदाने कराल, आणि तीच डिस्क अल्बम छापणाऱ्याच्या विंडोजला लावली की ते उघडणार नाही. 'विंडोज_नेम्स' असलं की असं नाव द्यायलाच लिनक्स नकार देतो. एनटीएफएस३ मध्ये हा पर्याय नंतर आला, त्यामुळे जुन्या कर्नेलवर तो नाकारला गेला तर वगळा.

घरात चौघं वापरणार असतील

मग मालक एकटा ठेवून भागत नाही. एक गट करा: 'सुडो ग्रुपअॅड घर'. प्रत्येकाला त्यात घाला: 'सुडो यूजरमॉड -एजी घर' आणि पुढे त्याचं खातं. इथे ए छोटा आणि जी मोठा. ए विसरलात तर ते खातं बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर पडतं, सुडोच्या गटातूनही. 'गेटएंट ग्रुप घर' ने गटाचा क्रमांक बघा आणि तो जीआयडी म्हणून द्या. मास्क 'डीमास्क=००७,एफमास्क=११७'. गटातल्यांना वाचता-लिहिता येईल, बाहेरच्याला काहीच नाही. गटात घातल्यावर त्या माणसाने लॉगआउट करून परत यायला हवं. ही बारीकशी गोष्ट राहून जाते आणि अर्धा तास फुकट जातो.

मुलांच्या खात्याला फक्त बघू द्यायचं असेल तर 'डीमास्क=००२,एफमास्क=११३' द्या, आणि त्यांना गटात घालू नका.

कायमची नोंद

रोज कमांड कोण मारणार? नोंद जाते '/ईटीसी/एफएसटॅब' या फाइलमध्ये. आधी तिची प्रत काढा: 'सुडो सीपी /ईटीसी/एफएसटॅब /ईटीसी/एफएसटॅब.जुनी'. मग 'सुडो नॅनो' ने मूळ फाइल उघडून तळाशी एक ओळ घाला. ओळीत सहा रकाने, मध्ये स्पेस:

यूयूआयडी=(तुमचा क्रमांक) /एमएनटी/फोटो एनटीएफएस-३जी यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,डीमास्क=०२२,एफमास्क=१३३,विंडोज_नेम्स,नोफेल ० ०

पहिला 'यूयूआयडी' हा शब्द मोठ्या अक्षरांत, आणि क्रमांक 'एलएसबीएलके'ने दाखवला तसाच्या तसा. चौथ्या रकान्यात स्वल्पविरामानंतर स्पेस पडली तर लिनक्स पुढचं वाक्य वेगळा रकाना समजतो. शेवटची दोन शून्यं तशीच ठेवा. लिनक्सने सुरू होताना एनटीएफएस तपासू नये, ते विंडोजचं काम.

'नोफेल' मात्र कधीच गाळू नका. तो नसेल आणि एखाद्या दिवशी ती डिस्क सापडली नाही, तर मशीन दीड मिनिट वाट बघतं आणि मग डेस्कटॉपऐवजी 'इमर्जन्सी मोड'चा काळा पडदा दाखवतं. तिथे पासवर्ड मागतो तो, आणि समोर ज्याने कधी टर्मिनल पाहिलं नाही असा माणूस. कधी लावायची, कधी काढायची अशी यूएसबी डिस्क असेल तर त्याच्यापुढे 'एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट' जोडा. फोल्डर उघडाल तेव्हाच डिस्क जोडली जाते.

मशीन रीस्टार्ट करून नोंद तपासू नका. आधी 'सुडो सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड', मग 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय', मग 'सुडो माउंट -ए'. चूक असेल तर ती चालू मशीनवरच कळेल.

अडलं तर

सर्वांत फसवा संदेश म्हणजे 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक'. वाचून वाटतं डिस्क गेली. एनटीएफएस३ वापरताना बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते. 'सुडो डीमेसेज' (डी-एम-ई-एस-जी) च्या शेवटच्या ओळी बघा. तिथे 'व्हॉल्यूम इज डर्टी' दिसलं तर ती अर्धवट कामाची खूण आहे. त्या संदेशातच 'फोर्स' या पर्यायाचं नाव असतं, जणू तो द्या म्हणून. देऊ नका. विंडोज अर्धवट झोपलेला (हायबरनेट किंवा फास्ट स्टार्टअप) आढळला तर एनटीएफएस-३जी ड्राइव्ह फक्त वाचायला जोडतो आणि तसं सांगतो.

खरा उपाय विंडोजमध्ये 'चेकडिस्क' (सीएच-के-डी-एस-के) चालवणं, '/एफ' लावून. मावसभावाच्या घरात विंडोज उरला नव्हता. आम्ही डिस्क काढली, अडीच इंची यूएसबी केसिंगमध्ये घातली आणि शेजाऱ्यांच्या लॅपटॉपला लावली. पाच मिनिटांचं काम, त्यासाठी चहा-पोह्यांसह दोन तास. विंडोज मिळतच नसेल तर आधी 'आरओ'ने जोडून सगळं दुसरीकडे कॉपी करा आणि मगच 'सुडो एनटीएफएसफिक्स -डी' मारा. ते खरी दुरुस्ती फारशी करत नाही, मुख्यतः खूण पुसतं.

एसएसएचची (दूरच्या मशीनवर शिरायच्या साधनाची) खाजगी किल्ली अशा ड्राइव्हवर ठेवली असेल तर ६४४ परवानगी बघून एसएसएच ती नाकारेल. किल्ल्या घरच्या फोल्डरातच बऱ्या.

आणि हे सगळे पर्याय एक्स्ट४ला लावू नका. त्याला 'यूआयडी=' कळत नाही, तो ड्राइव्ह जोडायलाच नकार देईल. दुसऱ्या लिनक्स मशीनवरून आणलेली एक्स्ट४ डिस्क असेल तर तिच्यावर मालकाचा आकडा लिहिलेलाच असतो. तिथे 'सीएचओन' हेच औषध, आणि तिथे सीएचमॉडही चालतो.

मॅकच्या डिस्कबद्दल थोडक्यात: जुना एचएफएस प्लस, जर्नल (बदलांची नोंदवही) चालू असेल तर, लिनक्सवर फक्त वाचता येतो. २०१७ नंतरच्या एपीएफएसला कर्नेलमध्ये जागा नाही. उलट बाजूने मॅक एनटीएफएस वाचतो, लिहीत नाही. तिन्हीकडे फिरणारी डिस्क हवी असेल तर एक्सफॅट करा. लिनक्सला त्याचा ड्रायव्हर २०२० च्या ५.७ कर्नेलपासून आहे, आणि फॅट३२ ची चार गिगाबाइटच्या फाइलची मर्यादा त्याला नाही. मात्र त्यात जर्नल नसतो, म्हणजे मध्येच वायर ओढली तर एनटीएफएसपेक्षा लवकर दुखावतो.

वायरीवरून आठवलं. कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांवर गेली म्हणजे फाइली डिस्कवर पोहोचल्या असं नसतं. बराचसा माल अजून रॅममध्ये असतो. यूएसबी डिस्क काढण्याआधी 'यूमाउंट' द्या किंवा फाइल मॅनेजरमधलं बाहेर काढायचं बटण दाबा, आणि टर्मिनलचा कर्सर परत येईपर्यंत, केसिंगवरचा निळा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावू नका. मावसभावाने त्या दिव्यावर आता कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे: 'थांब.'